जात : इतर

पाटणच्या दवाखान्यातल्या नोंदवहीत
कुत्र्याच्या जातीला दोनच रकाने : गावठी आणि इतर.
मी इतरवर खूण केली.
रंग : राखाडी, असं लिहून खोडलं,
कारण प्रत्येक केस मुळाशी पांढरा आणि टोकाला काळा होता,
राख खाली, कोळसा वर,
कुणी चूल उलटी मांडावी तसा.

तोंड काळं. कान उभे, टोकदार.
शेपटी चुंबळीसारखी पाठीवर गच्च वळलेली.
मी बोटानं सरळ केली, सोडली :
पुन्हा चुंबळ.

त्याला घेऊन आलेला कोंडिबा येडगे,
वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांचा वॉचमन.
म्हणाला, "डॉक्टर, केस भादरा ह्याचं. उन्हानं मरंल."
मी केसांत हात घातला.
वरचे राठ, पाणी न धरणारे,
आणि खाली लोकर, इतकी दाट
की कातडी सापडेना.
"कोंडिबा, चैत्रातसुद्धा घोंगडं का असतं तुमच्या खांद्यावर?"
"ऊन आत येऊ नये म्हणून."
"मग ह्याचं का उतरवायचं?"
तो माझ्याकडं, मग कुत्र्याकडं बघत राहिला.
मी कात्री ट्रेमध्ये ठेवली.

कुणी नॉर्वेचा इंजिनियर होता, पाती बसवायला आलेला.
दोन वर्षं राहिला, सहा बॅगा घेऊन गेला.
कुत्र्याचे कागद म्हणे वेळेत झाले नाहीत.
नाव बामसे. तिकडं अस्वलाच्या पिल्लाला म्हणतात.
वस्तीवर झाला बामश्या.

हाक मारली की त्याचा कान वळतो,
कुत्रा वळत नाही.
आधी विचार करतो, जायचं का.
ठकूबाई म्हणते, भाकरीला लेकरू, कामाला जावई.
पण तिची रेडकं कोण कुठं आहेत
हे तिच्याआधी त्याला ठाऊक असतं.

अश्विनातल्या एका रात्री
अकरा नंबरच्या खांबाखाली गवा आला.
बामश्यानं त्याला धरला.
धरला म्हणजे चावला नाही, शिवलासुद्धा नाही;
तीन हातांवरून
गवा मान फिरवेल तिकडं आधीच पोचलेला,
आणि भुंकणं एका मापाचं,
लोहाराच्या भात्याला थकवा येत नाही तसं.
वजन : तेवीस किलो. हे मीच लिहिलंय.
समोर त्याच्या चाळीसपट अंधार.

त्याला जन्मतः एवढंच येतं.
अडवून ठेवायचं आणि सांगत राहायचं,
आहे, इथं आहे, या.
मारणारा मागून येतो.
बर्फातून, देवदारांतून, कितीतरी पिढ्या
मागून कुणीतरी येत आलंय.

इथं मागून आला कोंडिबा,
एका हातात बॅटरी, एका हातात काठी,
एकाच पायात चप्पल.

भुंकणं थांबलं.
बामश्यानं वळून पाहिलं त्याच्याकडं.
"असं बघितलं, डॉक्टर,
जसं काय मी काहीतरी इसरून आलोय घरी."
वर पाती फिरत होती, घूं घूं.
कोंडिबानं बॅटरी विझवली.
म्हणाला, "जाऊ दे. त्येचंबी रान हाय."
गवा कोयनेच्या बाजूला उतरला,
दगड घरंगळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दोन दिवस बामश्या बोलला नाही म्हणे.
कुत्रं बोलत नाही म्हणजे काय, मी विचारलं नाही.

नोंदवहीत स्वभावाला रकाना नाही.
समासात बारीक अक्षरात लिहिलं :
शिकार धरून ठेवतो. शिकारी नाही.
मग वाचून पाहिलं
आणि त्याचे दोन अर्थ होतात
हे लक्षात येऊनही तसंच ठेवलं.

रेबीजची लस टोचली. हूं की चूं नाही.
वडापची जीप भरायला अजून चार माणसं कमी होती.
बामश्या कोंडिबाच्या पायावर बसला,
पायाजवळ नव्हे, पायावर,
सगळा भार टाकून,
आणि नाक पठाराकडं करून
वाऱ्यातलं काहीतरी निवडत राहिला.